पलीकडचा टॉवर

माझ्या हुद्द्यात मास्टर हा शब्द आहे, पण ऑफिसात माझं कोणी ऐकत नाही. ऐकावं अशी अपेक्षाही नसते. स्क्रम मास्टर कोणाची साहेब नसते. टीमच्या वाटेतले अडथळे काढायचे, सकाळची उभ्या-उभ्या होणारी मीटिंग लांबू द्यायची नाही, आणि सगळे खरं बोलताहेत ना, एवढं बघायचं. हे शेवटचं काम सगळ्यात अवघड. आमच्या बेळगावात तर फारच, कारण इथं एकदा एखाद्याला अण्णा म्हटलं की त्याच्यासमोर 'नाही' म्हणायला जीभ वळत नाही.

ऑफिस पिरनवाडीच्या अलीकडे, टाइल्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. आम्ही पुराच्या इशाऱ्याची सिस्टीम बनवत होतो. वरच्या धरणातून पाणी सुटलं की ते नदीकाठच्या कुठल्या गावात कधी पोचेल याचा हिशेब ती करायची आणि तिथल्या मोबाइलवर मेसेज पाठवायची: घर सोडा, अमुक रस्त्याने अमुक शाळेत जा. दोन-दोन आठवड्यांचे तुकडे पाडून आम्ही ती बांधत आणली. त्या तुकड्याला आमच्या भाषेत स्प्रिंट म्हणतात. या पावसाळ्यात ती पहिल्यांदाच खरोखरच्या नदीवर चालणार होती.

कोणतं काम आधी आणि कोणतं मागून, हे ठरवतो तो प्रॉडक्ट ओनर. आमचे प्रॉडक्ट ओनर नागराज अण्णा, काकतीचे. ज्या साहेबांसाठी हे काम चाललं होतं त्यांच्याकडे रोजचं जाणं-येणं, त्यामुळे तिकडचा शब्द अण्णांच्या तोंडून आमच्याकडे यायचा. माणूस लाखातला. युवराज हा आमचा प्रोग्रॅमर, खानापूरकडचा. त्याला नोकरी अण्णांनी लावली. सौम्याच्या आईच्या ऑपरेशनला रक्त द्यायला अण्णा स्वतः गेले. माझ्या भावाच्या लग्नात त्यांनी कमरेला टॉवेल बांधून पंगत वाढली. असा माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, कारण वाईट माणसाशी निदान भांडता येतं.

सौम्या आमची टेस्टर. दुसऱ्याच्या कामात खोड काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा, असं ती स्वतःच सांगायची. तिने बघून होकार दिल्याशिवाय आमच्याकडून काही बाहेर जायचं नाही, हा टीमचा नियम होता. तिचं गाव तळवाडी, कोगनोळीच्या नाक्यापासून आत नदीकाठाला. आई-वडील तिथंच राहतात.

गेल्या पावसाळ्यात कोणीतरी धरण फुटल्याची अफवा व्हॉट्सॲपवर सोडली होती. तिचे वडील, नागोजी आप्पा, म्हशी सोडून बायकोला घेऊन पळाले. एक म्हैस पाय मोडून बसली, पाण्याचा पत्ता नाही, आणि मग सगळ्या गावाला वर्षभर हसायला विषय मिळाला. आप्पांना ते फार लागलं. तेव्हा सौम्यानेच त्यांना बजावलं होतं की आता कोणाचं ऐकायचं नाही. आमचा मेसेज आला की निघायचं, नाही आला तर हलायचं नाही. आप्पा डेअरीत दूध घालायला गेले की लेकीच्या मशीनचं कौतुक सांगायचे.

पण त्याच मशीनमधली सगळ्यात मोठी खोड सौम्याला मार्चमध्ये सापडली. तळवाडीतले फोन पलीकडचा टॉवर धरतात, महाराष्ट्रातला. आपल्या भागात हे कोणाला नवीन नाही. माणूस अजून अलीकडेच असतो आणि फोन कधीच हद्द ओलांडून गेलेला असतो. आमची सिस्टीम मात्र फक्त अलीकडच्या टॉवरवरच्या फोनना मेसेज पाठवायची. म्हणजे तळवाडी आणि आजूबाजूच्या वाड्या पुरात आमच्या, आणि इशाऱ्याच्या वेळी कोणाच्याच नाहीत.

सौम्याने त्याचं कार्ड लिहून बोर्डावर लावलं. मग काम किती मोठं हे ठरवायची बैठक झाली. त्यात प्रत्येकाने आपल्या मनातला आकडा पत्त्यासारखा पालथा धरायचा आणि सगळ्यांनी एकदम दाखवायचा, म्हणजे कोणी कोणाच्या दबावाखाली येत नाही. प्रॉडक्ट ओनरने यात पत्ता धरायचाच नसतो. मी तसं म्हणालेसुद्धा. अण्णा हसले. "आम्हाला बी दे की गं एक पत्ता. आम्ही काय परके हाय?" मी दिला. काम मोठं आहे, दोन राज्यांतल्या मोबाइल कंपन्यांशी बोलावं लागेल, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अण्णांनी छोटा आकडा दाखवला. युवराजच्या हातात दोन पत्ते होते. त्याने अण्णांचा बघून त्यातला छोटा वर केला. सौम्याने मोठा दाखवला आणि मग उगीच ओशाळून हसली.

"एवढं बारकं काम हाय तर पुढच्या स्प्रिंटला घेऊया की," अण्णा म्हणाले. "साहेबांना आधी नकाशा पायजे. मोठ्या स्क्रीनवर, रंगीत. पाऊस कुठं पळून चाललाय?"

नकाशा झाला. मग साहेबांना त्या नकाशात रंग बदलताना बघायचे होते. ते झालं. मग ते मोबाइलवरही दिसायला हवे होते. दर वेळी सौम्याचं कार्ड खाली सरकत गेलं. सकाळच्या मीटिंगमध्ये काही अडथळा आहे का, असं मी विचारायची आणि मुद्दाम तिच्याकडे बघायची. ती अण्णांकडे बघायची आणि म्हणायची, "काही नाही." जिन्यात मी तिला झापलं. ती म्हणाली, "अण्णांच्या तोंडावर कसं म्हणू गं? पावसाआधी करतो म्हणालेत ते." मी एकटी अण्णांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी मला चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि त्यांच्या नेहमीच्या कानडीत "आयितु, आयितु" म्हणाले. झालं, झालं. काहीच झालेलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये आठवडाभर पाऊस खळला नाही. एका सकाळी धरणाचे दरवाजे उघडल्याची वर्दी आली आणि आमची सिस्टीम आपली आपण जागी झाली. भिंतीवरच्या स्क्रीनवर गावं एकामागून एक हिरवी होत गेली. साहेबांचा फोन आला; नकाशा फारच छान दिसतोय म्हणाले. अण्णांनी सगळ्यांचं तोंड गोड करायला कुंदा मागवला. तळवाडीही हिरवी झाली. हिरवा म्हणजे मेसेज पाठवला. पोचला असा त्याचा अर्थ नव्हता, पण तो रंग बघितल्यावर असला विचार कोण करतो?

सौम्याने कुंद्याला हात लावला नाही. तिने घरी फोन लावला आणि आवाज तुटत होता म्हणून स्पीकर चालू केला.

"आप्पा, धरण सोडलंय. आत्ताच्या आत्ता आईला घिऊन शाळेकडं जावा."

"कोण म्हणालं?"

"मी म्हणत्येय की."

"मेसेज कुठं आलाय?" आप्पांचा आवाज अगदी निवांत होता. "मघापास्नं फोन हातात धरून बसलोय. आला की निघतो. फरशी अजून उघडीच हाय."

फरशी म्हणजे तळवाडीच्या ओढ्यावरचा ठेंगणा पूल. गावातून शाळेकडे जायला तेवढीच वाट.

"आप्पा, तुमच्या टॉवरवर मेसेज येतच न्हाय. आमच्या सिस्टीममधी चूक हाय."

"गेल्या साली म्हणालीस मशीन चुकत न्हाय, माणसं चुकतात. आता मशीन चुकतंय व्हय? तू लांब बसून घाबरलीयास गं पोरी. गाव परत हसंल मला." आणि त्यांनी फोन ठेवला.

तिने तोच मजकूर टाइप करून स्वतःच्या फोनवरून त्यांना पाठवला. आप्पांचं उत्तर आलं: तुझ्याच नंबरवरनं आलाय, मला फसवतीस व्हय.

सौम्या उठली आणि बोर्डापाशी गेली. तिने खालच्या टोकाला गेलेलं आपलं कार्ड काढलं आणि अण्णांच्या पुढ्यात, कुंद्याच्या बॉक्सवर ठेवलं. "अण्णा, हे आत्ता पायजे. पुढच्या स्प्रिंटला न्हाय." ऑफिसात इतक्या दिवसांत अण्णांना 'नाही' म्हणणारी ती पहिली. अण्णांनी कार्ड वाचलं. वाचताना त्यांचा चेहरा उतरत गेला, आणि मला वाटतं त्या क्षणी त्यांना ते पहिल्यांदा खरोखर समजलं. मला त्यांचा इतका राग आला होता की त्यांची दया यायला जागाच उरली नाही.

"युवराज, कर रं," ते म्हणाले. "काय लागंल ते कर."

टॉवरच्या भानगडीत पडायला वेळ नव्हता. युवराजने वेगळी वाट काढली. सौम्याने निपाणीत अडकलेल्या डेअरीच्या सेक्रेटरीकडून गावातल्या सगळ्यांचे फोन नंबर मागवले, आणि सकाळी तयार झालेला मेसेज थेट त्या नंबरांवर ढकलायची सोय युवराज करायला बसला. साधं काम वाटलं, तरी दुपार झाली. मध्ये सौम्या सारखा घरी फोन लावत होती. फोन लागत नव्हता. बाहेर पाऊस एका सुरात पडत होता.

"झालं," युवराज शेवटी म्हणाला. "टेस्ट?"

मी सौम्याकडे बघितलं. नियम होता, आणि तो नियम पाळला जातोय हे बघणं माझं काम होतं. "निदान एकदा नजर टाक," मी म्हणाले. "अर्धा तास."

"अर्ध्या तासात घरात पाणी शिरंल," ती म्हणाली. "टेस्टर मीच हाय न्हवं? मी म्हणत्येय, पाठव."

युवराजने पाठवला. या वेळी कुठलाही रंग नव्हता, नुसती नावांची ओळ आणि प्रत्येक नावापुढे एक-एक करत उमटणारं 'पोचला'. नागोजी आप्पांच्या नावापुढेही उमटलं. सौम्या खुर्चीत बसली आणि ओंजळीत तोंड घालून रडायला लागली. अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचेही डोळे भरले होते. माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. आप्पाच होते. मागे कसला तरी मोठा घरघराट होता, त्यामुळे ते ओरडून बोलत होते आणि स्पीकर न लावताही आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"आला गं तुझा मेसेज. मी म्हणालतोच तुझ्या आईला, येणार म्हणून. निघालो बघ आम्ही."

"कुठनं निघालाय?"

"फरशीवरनं. तसंच लिवलंय न्हवं? फरशीवरनं शाळेत."

सौम्या उभी राहिली. "फरशीवर पाणी किती हाय, आप्पा?"

"मांडीला लागंल एवढं हाय. ओढही हाय लई. मघा वाढाय लागलं तवा माडीवर चढून बसलो हुतो दोघं बी. मेसेज आला म्हणून खाली उतरलो."

युवराजने स्क्रीनवर तो मेसेज उघडला. खाली वेळ होती, सकाळची. सकाळी फरशी उघडी होती, म्हणून सिस्टीमने फरशीची वाट दिली होती. युवराजने जे लिहिलं होतं ते जुना मेसेज जसाच्या तसा पुढे ढकलायचं. आता पाणी कुठं आहे, हे ते बघतच नव्हतं. सौम्याने नजर टाकली असती तर पहिल्याच प्रश्नाला हे बाहेर आलं असतं. ती असले प्रश्न विचारण्यासाठीच होती.

"आप्पा, माघारी फिरा. माडीवर जावा. आईला घिऊन माडीवर जावा."

"अगं, पाणी मला बी दिसतंय की. पर मशीन म्हणतंय आत्ताच्या आत्ता घर सोडा. म्हणजे मागनं ह्याच्यापेक्षा मोठं येत असणार. मशीनला लांबचं दिसतंय, मला हितलंच."

"तो सकाळचा मेसेज हाय, आप्पा. सकाळचा हाय तो."

"काय? ऐकाय येईना बघ." मग लांबून तिच्या आईचा आवाज आला, काहीतरी धरा म्हणत होती. "तुझ्या आईचा हात धरलाय मी. फोन पिशवीत घालून बांधा म्हणून सांगितलंय, घालतो. शाळेत पोचल्यावर करतो."

तिने लगेच परत लावला. रिंग जात होती. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून घट्ट बांधा, ही मेसेजातली शेवटची ओळ मी लिहिलेली होती. लोकांचे फोन भिजून बंद पडू नयेत म्हणून. आप्पा सांगितल्याप्रमाणे करणारा माणूस. अण्णा दुसऱ्या फोनवरून निपाणीच्या पोलिसांना तळवाडीचं नाव सांगत होते, परत परत सांगत होते. सौम्या खिडकीपाशी उभी होती. रिंग वाजून वाजून थांबली. तिने परत लावला, आणि या वेळी रिंग गेलीच नाही.