फ्रिजच्या घरघरीवर लावलेली गिटार

नवऱ्याला, हॉसीला, पुरून तीन दिवस झाले, तरी व्हर्नेलच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. पोटात अन्नाचा कणही नव्हता. शेजारणींनी आजही सकाळीच आणून दिलेले तळलेले मासे ओट्यावर तसेच पडून होते.

त्यात आज सकाळी पुतण्या लामारने भलताच उद्योग करून ठेवला. चर्चमध्ये गिटार वाजवतो, म्हणून स्वतःला मोठा शहाणा समजतो. "काकी, काकांची गिटार पार बेसूर झाली होती. नीट लावून दिली बघ!"

बेसूर म्हणे! अरे गाढवा, हॉसी मुद्दामच तारा तशा जुळवायचा. नुसत्या मोकळ्या छेडल्या तरी घर भरून जायचं, आणि कापलेल्या बाटलीची काचेची मान बोटात घालून तारांवरून फिरवली की गिटार रडायची. चाळीस वर्षांत त्याने ती जुळणी बदलली नव्हती. माणूस गेल्यावर घरात त्याचं तेवढंच उरलं होतं, तेही या शहाण्याने पुसून टाकलं. व्हर्नेल नुसतं "बरं केलंस" म्हणाली. तिच्यात रागवायचंही त्राण नव्हतं.

लामार गेल्यावर तिने गिटार मांडीवर घेतली. हॉसी सूर कुठून धरायचा, हे तिला पाठ होतं. स्वयंपाकघरातला जुना फ्रिज घुमायचा, त्या सुरावर तो पाचवी तार जुळवायचा, मग तिच्यावरून बाकीच्या. ती मासे तळायची, तो खुंट्या पिळत बसायचा.

पण आज फ्रिज गप्प होता. मुलीने, डोरेथाने, त्याची पिन काढून ठेवली होती.

"आई, तासाभरात नवा येतोय. हे धूड तीच माणसं घेऊन जातील."

व्हर्नेल उठली आणि पिन परत खुपसली.

"अगं, रिकामा आहे तो! डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"गप बस जरा."

फ्रिज खोकला, हादरला आणि घुमायला लागला. व्हर्नेलने पाचवी तार हळूहळू चढवत नेली. एकदा जास्त झाली, पुन्हा उतरवली. मग दोन्ही आवाज एक झाले. बाकीच्या तारांना पाऊण तास गेला. शेवटी हॉसीची बाटलीची मान करंगळीत घालून तिने ती सगळ्या तारांवरून सरकवली.

डोरेथाच्या हातातलं भांडं हातातच राहिलं. "बाबा," एवढंच ती म्हणाली.

बाहेर ट्रक थांबला.

"उद्या तारा पुन्हा उतरणार," व्हर्नेल म्हणाली. "हा फ्रिज इथून हलायचा नाही."

"मग नवा ठेवू कुठे, माझ्या डोक्यावर?"

"ओसरीवर ठेव. आणि मला दोन मासे वाढ. भूक लागलीय."