पस्तीसची काच

गौरम्मानं कॅमेऱ्याची लेन्स पिरगाळून काढली, पदराखाली घेतली आन् कॅमेऱ्याचं पोट उजेडाकडं करून आत डोकावली. आतल्या आरशावर पिठासारखी धूळ बसली होती. तिनं अशी शिवी हासडली की दारात बसलेल्या गुरुलिंगानं तोंडातली विडी काढली.

"काय झालं, वैनी?"

"काय व्हायचंय? धूळ."

गुरुलिंग तिचा दीर. रोज सकाळी भावाच्या फोटोला हार घालायला स्टुडिओत यायचा. हार घालायला किती येळ लागतोय, पण हा दुपारपस्तोर दारात बसून, वैनी कुणाशी बोलली न् किती हसली ते बघत ऱ्हायचा.

मुरुडात त्या साली पाण्यापरीस धूळच जास्त. लातूर जिल्हा झाला म्हणून गुलाल उधळला होता, तो अंगावरनं उतरतोय न उतरतोय तवर आभाळानं पाठ फिरवली. जागोजाग खडी फोडायची कामं निघाली. जिल्हा नवा, साहेब नवे, त्यांना दर कामाचा फोटो पायजे. खाणीवर उघड्यात लेन्स बदलली की धूळ आत शिरलीच म्हणून समजा. मंग कॅमेरा साफ करायला हैदराबादला धाडायचा न् तवर हातावर हात ठिवून बसायचं. गौरम्मानं ठरवून टाकलं. आता एकच लेन्स चढवायची आन् पाऊस पडोस्तोवर उतरवायची न्हाई.

पण कोणती? नवरा, मल्लिकार्जुन, तीन मागं ठिवून गेला होता. पस्तीसची, पन्नासची आन् एकशेपस्तीसची. आकडा जेवढा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसायचं, आन् फोटोत मावायचं कमी.

"ह्यात इचार कसला?" गुरुलिंग म्हणाला. "एकशेपस्तीस लावा. बाईमाणसानं लांबनं काढावा फोटो. तुमी डायरेक लोकांच्या नाकापाशी जाता. त्यात तुमी अशा..."

"अशा म्हंजे कशा?"

त्याची नजर तिच्या कपाळावर गेली. गौरम्माच्या कपाळाला कुंकू न्हवतं, विभूतीचे तीन पट्टे होते.

"सांगा की, भावजी. अर्धं बोलून का गिळता?"

"अण्णा तरी पन्नासची लावायचा," गुरुलिंगानं गाडी वळवली. "घुसत न्हवता कुणाच्यात."

"तुमचे अण्णा उंबऱ्यावर उभं ऱ्हाऊन बघायचे. पन्नास म्हंजे उंबरा. ना आत ना भाईर. आन् तुमची एकशेपस्तीस म्हंजे रस्त्यावरनं दुसऱ्याच्या घरात वाकून बघणं."

"मंग पस्तीस म्हंजे?"

"पस्तीस म्हंजे आत यावं लागतं."

गुरुलिंग उठला. विडी पायाखाली चिरडली. "एक सांगून ठिवतो. कॅमेरा माझ्या भावाचा हाय. एकाची बी तक्रार आली ना, कॅमेरा माझ्या घरी जाईल. मंग बसा आत-भाईर करत."

गौरम्मानं तिन्ही लेन्सा खाणीवर नेऊन बघितल्या. एकशेपस्तीसनं खडीचा ढीग आला, बायांच्या पाठी आल्या. साहेबाला तेवढंच पायजे होतं म्हणा. पन्नासनं बाया आल्या, पण पाव्हण्यासारख्या, सावरून बसलेल्या. पस्तीस लावली तसं पार हातोडा लागंल इतकं जवळ जावं लागलं. केवळाबाई म्हातारी खडी फोडता फोडता वरडली, "ये गौराबाई, आजून ये! चावत न्हाई मी, दात कवाच पडले!" बाया फसकन हसल्या, त्याच टायमाला गौरम्मानं बटण दाबलं. फोटो धुवून बघितला तर त्यात सगळं होतं. हातोडा होता, बोटांना गुंडाळलेल्या चिंध्या होत्या, बाजूला सावलीत निजवलेलं लेकरू होतं, आन् म्हातारीच्या तोंडातला एकुलता एक दात बी होता. खोटं बोलली होती थेरडी.

तवाच गौरम्मानं पस्तीसची चढवली आन् कॅमेरा न् लेन्स जिथं जुळतात तिथं गच्च चिकटपट्टी गुंडाळली.

मंग संगप्पा गेले. डाळीचे व्यापारी, गावातलं जुनं माणूस. कैक सालं अंथरुणाला खिळलेले. रितीपरमाणं त्यांना ओसरीवर पद्मासनात बसवलं, कपाळभर विभूती, गळ्यात हार, डोक्याला रुमाल. पुरायच्या आधी शेवटचा फोटो काढायचा म्हणून थोरला लेक आप्पासाहेबानं गौरम्माला निरोप धाडला. पण मान टिकंना. सारखी छातीवर पडायची. तवा मागं चादर धरली आन् चादरीच्या मागं सून बसली, उमादेवी. सासऱ्याचं हगणंमुतणं तिनंच काढलेलं. तिनं चादरीतनं हात घालून मान धरली.

ओसरी माणसांनी गच्च. गुरुलिंग दारातनं हात हालवत होता, हितनं काढा, हितनं. गौरम्मा माणसं सारत आत गेली आन् संगप्पाच्या म्होरं गुडघ्यावर बसली.

"तोंडच घ्या, गौराक्का," आप्पासाहेब म्हणाला.

तोंड कुठलं एकटं येतंय? पस्तीसच्या काचंतनं संगप्पा दिसले, फुलं दिसली, मागची चादर दिसली. आन् चादरीतनं निघालेली दोन मनगटं, हिरव्या काकणांची.

"ए, हात आत घे गं!" कुणीतरी खेकसलं.

हात आत गेले. मान धप्पकन छातीवर आली. बायांत रडं उठलं.

"हात भाईर काढ, उमा," गौरम्मा म्हणाली. आवाज एवढा चढला की रडं थांबलं. "धर नीट. आन् आता कुणी सांगितलं तरी हालवू नको."

हात भाईर आले. मान वर झाली. बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी आप्पासाहेब फोटो बघायला आला आन् बघूनच त्याचं डोकं फिरलं.

"हे काय? हे हात कशाला?"

"तुमच्या बापाला धरायला."

"चेष्टा करू नका. बैठकीत लावायचा फोटो, येणारा-जाणारा काय म्हणंल? मुडद्याला धरून बसवलाय म्हणंल. ब्रश घ्या, शाई लावा, झाका ते."

"न्हाई झाकणार."

"आमच्या घरचा फोटो हाय!"

"हात बी तुमच्याच घरचे हायेत."

"समद्यांचे झाकता की! तुमच्या घरधन्याच्या फोटोतले न्हाई का झाकले?"

आप्पासाहेबानं फोटो टेबलावर आपटला आन् गेला. कुठं गेला ते सांगायला नको. गुरुलिंगाचं घर त्याच गल्लीत.

तो गेल्यावर गौरम्मा भिंतीवरच्या फोटोकडं बघत उभी ऱ्हायली. मल्लिकार्जुनला बी असाच बसवला होता. ताप डोक्यात जाऊन गेला, तरणाताठा गडी. मान धरायला चादरीमागं गौरम्माच बसली होती. गुरुलिंगानं अंगणाच्या दारातनं एकशेपस्तीसनं फोटो काढला. लोक म्हणाले, वा, जसा काय जागा हाय. पण कानाखाली चार बोटं आली होती. फोटो धुताना गुरुलिंग डोक्यावर उभा ऱ्हायला, "बोटं झाका, वैनी, बरं दिसत न्हाई." बारावा बी झाला न्हवता. तिनं ब्रश घेतला आन् आपलीच बोटं आपल्याच हातानं काळी केली. उजेड तिरपा पडला की त्या जागी शाई आजून चमकायची. रोज चमकायची. आन् रोज हिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

तिनं फोटो भिंतीवरनं उतरवला. डब्यातनं त्याच फोटोची निगेटिव्ह काढली. अंधारखोलीत शिरली आन् दार आतनं लावून घेतलं.

सकाळी गुरुलिंग आला तो एका हातात झेंडूचा हार आन् दुसऱ्या हातात रिकामी पिशवी घेऊन. पिशवी कशाला ते विचारायची गरज न्हवती.

"आप्पासाहेब आला होता माझ्याकडं," तो म्हणाला. मंग त्याचं लक्ष भिंतीकडं गेलं. चौकट जुनीच, फोटो नवा. कानाखाली चार बोटं, पांढरी फटक.

"हे कवा लावलं?"

"काल."

गुरुलिंगाचा जबडा हालला. त्यानं हार चढवला, आन् फुलं सरकवत सरकवत नेमकी कानाखाली आणली. बोटं झाकली. मंग पिशवीचं तोंड उघडून टेबलापाशी आला.

"द्या कॅमेरा."

गौरम्मानं कॅमेरा उचलला आन् छातीशी धरला. "घ्या. हात लावून तर बघा."

"वैनी, तमाशा करू नका."

"तमाशा? तमाशा तुमी केलाय, पिशवी घेऊन आलाव ते! भाजी आणायला निघाल्यासारखं!"

"शरणार्थ, अक्का," दारातनं नमस्कार आला.

उमादेवी होती. डोक्यावरनं पदर, घरात सांगून आलेली दिसत न्हवती. गुरुलिंगाला बघून थबकली, पण परत फिरली न्हाई. आत आली.

"मामंजींचा फोटो... आमच्याकडं नको म्हणले. मला एक देता का? पेटीत ठिवीन. भिंतीला न्हाई लावणार."

गौरम्मानं एका हातानं कॅमेरा धरून ठिवला, दुसऱ्या हातानं खणातनं फोटो काढून दिला. उमादेवी लई येळ बघत ऱ्हायली. मंग आपली काकणं मागं-म्होरं केली, फोटोतली आन् हातातली एकच हायेत का बघितल्यासारखी.

वर बघितलं तवा तिची नजर भिंतीवर गेली. झेंडूच्या फुलांतनं एका बोटाचं टोक भाईर आलं होतं. दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं. ती भिंतीपाशी गेली, टाचा उचलल्या आन् हार हळूच बाजूला केला. चारी बोटं मोकळी झाली.

तिनं वळून गौरम्माच्या हाताकडं बघितलं.

"लई येळ धरलं होतं?"

"पाव्हणे येईस्तोवर."

"दुखतात का?"

"थंडीत."

उमादेवीनं मान हालवली, फोटो पदराखाली घेतला आन् आली तशी गेली. उघड्या दारातनं धुळीचा लोट आत आला.

गुरुलिंग पिशवी उघडी धरून तसाच उभा. भिंतीकडं एक बार बघितलं. हाराकडं हात न्हेला न्हाई. मंग त्यानं पिशवी झटकली, घड्या घातल्या, आजून एक घडी घातली आन् खिशात कोंबली.

"धूळ लई हाय आज," तो म्हणाला. आन् रोजच्यासारखं दारात न बसता, भाईर पडून त्यानं दार मागनं नीट लोटून घेतलं.