गुरुजींनी माफ केलं

सदाशिव पेठेतल्या शरच्चंद्र गुरुजींच्या ध्यानवर्गाला नम्रता कॉलेजात असल्यापासून जायची. पुढे सकाळचा वर्ग गुरुजींनी तिच्यावरच सोपवला आणि उत्तरेश्वरच्या पोटात दुखायला लागलं. तो गुरुजींचा सगळ्यात जुना शिष्य. त्यांच्यामागे गादी आपलीच, असं धरून चाललेला. त्यानं परक्या नंबरावरून वर्गाच्या ग्रुपवर पुडी सोडली, की गुरुजींचं आणि नम्रताचं ‘काहीतरी आहे’.

म्हाताऱ्या गुरुजींना लोकांनी थोडे दिवस टाळलं, मग पुन्हा पाया पडू लागले. नम्रताला मात्र ती शिकवायची त्या कर्वेनगरातल्या शाळेनं ‘पालकांच्या भावना’ सांगून घरी बसवलं.

यथावकाश उत्तरेश्वरचं बिंग फुटलं. भरल्या वर्गात त्यानं गुरुजींचे पाय धरले. गुरुजींनी त्याला उठवून छातीशी धरलं, शेजारी बसवलं. माणसं डोळे पुसू लागली.

“नम्रता, याला प्रसाद दे.”

नम्रतानं शिऱ्याचं ताट खाली ठेवलं आणि चपला घालून ती चालू लागली.

“एवढी वर्षं डोळे मिटून बसली, शिकली काय?” मागून कुणीतरी म्हणालं.

त्याच आठवड्यात गुरुजी जिने चढून, धापा टाकत तिच्या घरी आले. तिनं पाणी दिलं.

“राग तुलाच जाळील, पोरी.”

“गुरुजी, तुमच्या वाट्याचं तुम्ही माफ केलंत. माझ्या वाट्याचं कुणाला विचारून केलंत?”

गुरुजींनी पेला खाली ठेवला. मग म्हणाले, “चुकलं माझं. तुला विचारायला हवं होतं.”

“मग त्याला शेजारून उठवाल?”

“हाकलला तर जाईल कुठं तो?”

“मी कुठं गेले, ते नाही विचारलंत!”

गुरुजींचे डोळे भरून आले. नम्रताला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचाच जास्त राग आला.

ते उठले. गुडघे साथ देईनात, म्हणून तिनं हात धरून त्यांना जिना उतरवायला घेतलं. खालच्या मजल्यावर एक दार किलकिलं झालं. आतून कुणीतरी बघत होतं.

नम्रतानं चटकन हात सोडला. उरलेल्या पायऱ्या गुरुजी कठड्याला धरून एकटेच उतरले.