शॅरिसने मला उचलले तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. अ‍ॅल्युमिनियमची, जागोजागी पोचे पडलेली आणि वजनाने चांगलीच भारी. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागात एका तळ्याकाठी चर्चचे उन्हाळी शिबिर भरते, तिथे माझा मुक्काम असतो. होडी माणसांना वाहून नेते हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण आमच्याकडे तळी पुष्कळ आणि त्यांच्या मधोमध रानवाटा. एक तळे संपले की माणसाने होडी पालथी करून खांद्यावर घ्यायची आणि पुढच्या तळ्यापर्यंत चालायचे. त्यामुळे मला पाण्याइतकीच माणसांच्या खांद्यांचीही ओळख आहे.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याचे दोन भाग साच्यावर ताणून रिव्हेटच्या खिळ्यांनी जोडले आणि खांद्यांना टेकायला मधोमध लाकडाचे जू बसवले. शिबिरात आले तेव्हा माझा काय थाट होता! खडकावर आपटले तरी फुटत नाही म्हणून जो तो माझे कौतुक करी. मग हलक्या, रंगीत होड्या आल्या आणि मला शेडमागे पालथे घातले. माझ्या पोटाखाली उंदरांनी संसार थाटले. कित्येक उन्हाळे माझ्याकडे कोणी फिरकले नाही. मला फार वाईट वाटे, खोटे कशाला बोलू?

एका उन्हाळ्यात मुले जास्त आली आणि होड्या कमी पडल्या. मला बाहेर ओढून धुतले. त्या मुलांत शॅरिस होती. सेंट पॉल शहरातून चर्चच्या बसने आलेली तेरा वर्षांची मुलगी, आईपासून दूर, आज या घरी तर उद्या त्या घरी वाढलेली. प्रत्येक घरातल्या मोठ्यांनी तिला काही ना काही कबूल केले होते आणि पाळले कोणीच नव्हते. त्यामुळे ती कुणाच्याही शब्दावर विसंबत नसे.

कोणती होडी कोणी उचलायची हे आमच्याकडे मुलेच ठरवतात. तिच्याच वस्तीतला टायरेल माझ्याकडे बघून म्हणाला, "ही होडी आहे की आंघोळीचा टब? हिला न्यायला ट्रक लागेल."

"मी नेईन," शॅरिस म्हणाली. "एकटी."

या मुलांना रानात घेऊन जाणारी कर्स्टन ही चर्चमधली तरुण मुलगी. सकाळी ओटची लापशी ढवळता ढवळता ती एकेका मुलाचे नाव घेऊन प्रार्थना करी. तिने शॅरिसला रीत दाखवली. आधी मला मांडीवर घ्यायचे, मग एका हिसक्यात डोक्यावर. माझ्याखाली शिरलेल्या माणसाला आपली पावले, पुढची हातभर जमीन आणि अगदी पुढ्यात चालणाऱ्याची कंबर एवढेच दिसते. म्हणून एकाने पुढे चालत दगड, मुळे, चिखल मोठ्याने सांगायचा असतो.

पहिल्या वाटेवर एक मुलगी पुढे चालली आणि कर्स्टन मागे राहिली. शॅरिसचे पाय लटपटत होते, श्वास माझ्या पत्र्यावर आपटत होता. तेवढ्यात माझे मागचे टोक अलगद हलके झाले. कर्स्टनने खालून हात लावला होता. शॅरिसला वाटले, आपल्यालाच आता जमायला लागले. पाण्याशी पोचल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि शिबिरात आल्यापासून ती पहिल्यांदा हसली.

"टाळ्या कसल्या वाजवताय?" सामान घेऊन मागून आलेला टायरेल म्हणाला. "अर्धी तर कर्स्टननेच आणली. मी बघितलं."

शॅरिसने त्याच्याकडे पाहिलेच नाही. "खरंय?" तिने कर्स्टनला विचारले.

"हो," कर्स्टन म्हणाली. "तू पडशील असं वाटलं मला."

"म्हणजे मला जमणार नाही हे तू आधीच ठरवून टाकलंस."

दुसऱ्या दिवशीची लांब वाट जिथे संपत होती, तिथे सडक होती आणि शिबिराची गाडी येणार होती. त्या गाडीने आपण परत जाणार, असे शॅरिसने सांगून टाकले. संध्याकाळी शेकोटीभोवती प्रार्थना सुरू झाली तेव्हा ती सगळ्यांकडे पाठ करून माझ्यावर बसली आणि टाचेने माझ्या पत्र्यावर ठोके देत राहिली.

सगळ्यांसमोर कर्स्टन म्हणाली, "प्रभू, या मुलीला किती बळ दिलंयस ते तुला माहीत. मी तुझ्यावरही विश्वास ठेवला नाही अन् तिच्यावरही. मला क्षमा कर. शॅरिस, जमलं तर तूही कर."

ठोके थांबले. शब्द मोडणारी मोठी माणसे शॅरिसने खूप पाहिली होती, पण चारचौघांत क्षमा मागणारे कोणी पाहिले नव्हते.

"उद्या मीच नेणार हिला," ती म्हणाली. "तू पुढं चालायचं. हात पाठीमागं बांधून, मला दिसतील असे. मागं वळायचं नाही. हिला हात लावलास तर मी गाडीत बसले म्हणून समज."

सकाळी तिने मला एका हिसक्यात डोक्यावर घेतले. पुढे कर्स्टनचे एकात एक अडकवलेले हात आणि तिचा आवाज. "डावीकडं मूळ. आता चढ. दगड ओला आहे." डासांनी दोघींचे हाल केले. जू शॅरिसच्या खांद्यात रुतत होते आणि माझ्या जडपणाची मला लाज वाटत होती.

उतारावरच्या चिखलात तिचा पाय सरकला. ती गुडघ्यावर आली आणि माझे पुढचे टोक जमिनीवर आदळले. कर्स्टनचे हात सुटले. आता ती वळणार, असेच मला वाटले. तिने बोटे पुन्हा घट्ट अडकवली. ओठांतल्या ओठांत तिची प्रार्थना चालू होती.

"गप्प का झालीस?" माझ्याखालून शॅरिस ओरडली. "पुढं काय आहे ते सांग."

"चिखल अजून चार पावलं आहे," कर्स्टन म्हणाली. "उजवीकडं घट्ट जमीन आहे."

शॅरिसने दात-ओठ खाऊन गुडघा उचलला. माझे सगळे वजन तिच्यावर होते, मित्रांनो, तसूभरही कमी नव्हते. ती उभी राहिली आणि चालू लागली.

पाणी आले, सडकेवरची गाडीही दिसली. "आता वळू?" कर्स्टनने विचारले. "थांब, आधी हिला उतरवते," शॅरिस म्हणाली, आणि मला एकटीने, न आपटता खाली ठेवले. मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. गाडी रिकामीच परत गेली.

टायरेल थोडा वेळ घुटमळला. "पुढच्या वाटेवर हिला मी नेतो. तू पुढं चालशील का?" असे त्याने हळूच शॅरिसला विचारले.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. माझ्यासारख्या जुन्या होडीला जपायचे म्हणून शेडमागे ठेवू नका, आणि कोणा मुलाला जपायचे म्हणून त्याचे ओझे गुपचूप उचलू नका. आधी त्याला विचारा. त्याच्यापुढे चाला, वाट खरी खरी सांगा आणि देवावर भरवसा ठेवून हात आवरा. शॅरिसने टायरेलला हेच सांगितले.

"वाट सांगीन," ती म्हणाली. "पडलास तर थांबेन. उठायचं मात्र तुझं तू."