पाय न टेकता

रविवार दोन दिवसांवर आला होता आणि माझं बोर्ड वळायला तयार नव्हतं.

ते दुकानात शिलाई मशीनच्या शेजारी उलटं पडलेलं असायचं. एक बाही लावून झाली की मी खाली वाकायचो, चाक फिरवून बघायचो, पाना घेऊन नट जरासा सैल करायचो आणि पुन्हा दुसऱ्या बाहीकडे वळायचो. कॉलर झाली की पुन्हा नट. समोर गिऱ्हाईक माप द्यायला हात पसरून उभं असलं तरी माझं अर्धं लक्ष खालीच. एका बाईने शेवटी विचारलं, "मास्तर, खाली मांजर व्यायलीय का?" मला हसू यायला हवं होतं. पण मी तिच्या अंगावर खेकसलो आणि ती कापड घेऊन निघून गेली. जाऊ दे, म्हटलं. त्या दिवसांत मला कशाचाही राग येत होता, पंख्याच्या आवाजाचासुद्धा.

लाँगबोर्ड म्हणजे पोराटोरांचं खेळणं, असं लोकांना वाटतं. एक लांब लवचीक फळी आणि खाली चार चाकं. बाकीचे लोक एका पायाने जमीन मागे ढकलत जातात. आमची रीत वेगळी. आम्ही पाय खाली टेकवतच नाही. गुडघे, कंबर आणि खांदे यांचा झोका देत फळी डावीउजवीकडे वळवत राहायचं, म्हणजे प्रत्येक वळणातून ती आपोआप पुढे सरकते. याला पंपिंग म्हणतात. जमलं तर माणूस गावंच्या गावं मागे टाकतो. नाही जमलं तर जागच्या जागी कंबर हलवत उभा राहतो आणि रस्त्यावरच्या लोकांची फुकट करमणूक होते.

हा नाद मला माझ्या लेकीने लावला. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण लहानपणी ती जेवतानासुद्धा ताटाभोवती फिरायची. मशीनवर बसून बसून माझी पाठ धरली तेव्हा तिने मला दंडाला धरून बोर्डवर उभं केलं होतं. शेजारचे खिडकीतून बघत होते. मी पडलो, उठलो, पुन्हा पडलो, आणि महिन्याभरात पाठ मोकळी झाली. तेव्हापासून आम्ही दोघं दरवर्षी एक गोष्ट करत आलो. पाणीपुरवठ्याच्या तलावाभोवती डांबरी रस्ता आहे, त्याची पूर्ण फेरी मारायची, पाय न टेकता. अर्ध्या वाटेवर एक बाक आहे, तिथे पाणी प्यायला उतरलं तर चालतं. बाकी कुठेही दोघांपैकी एकाचा पाय टेकला की दोघांचीही फेरी बाद. नियम तिचाच.

तिचा पाय आजवर कधी टेकला नव्हता. माझा दरवर्षी टेकायचा. बाकापुढे पंपघराची चढण आहे, लांबच लांब आणि फसवी. तिथे माझा दम जायचा, बोर्ड थांबायचं आणि पाय खाली. भिंगरी वरून बघायची आणि म्हणायची, "असू दे बाबा, पुढच्या वर्षी." पण आता पुढचं वर्ष नव्हतं. तिला समुद्रापलीकडे नोकरी लागली होती आणि मंगळवारी ती निघणार होती. मला ही एक फेरी तिला पूर्ण करून द्यायची होती. शिवलेल्या कपड्यांशिवाय आजवर मी तिला दिलं तरी काय होतं?

आणि नेमकं आताच बोर्ड रुसलं होतं. बोर्डच्या पुढच्या आणि मागच्या चाकांना धरणारा एकेक लोखंडी सांगाडा असतो, त्याला ट्रक म्हणतात. (आमची ही अजूनही विचारते, "तुमचा ट्रक आला का गॅरेजमधून?") त्या ट्रकमध्ये रबराच्या दोन जाड चकत्या असतात. वळताना त्या दबतात, सोडलं की परत फेकतात. पंपिंगचा सगळा जीव त्या चकत्यांत. जड माणसाला कडक रबर लागतं, हलक्याला मऊ, कंपनीचा तसा तक्ताच असतो. चुकीचं रबर म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा कोट. माझं रबर काळं, चांगलं कडक. भिंगरीचं पिवळं, सगळ्यांत मऊ. एकदा ती माझ्या बोर्डवर चढली होती आणि दोन झोके देऊन उतरली. म्हणाली, "बाबा, हे बोर्ड आहे की ओटा?"

आता ते मलाच ओट्यासारखं वाटायला लागलं होतं. किती जोर लावा, वळायला नको म्हणायचं. आधी वाटलं, थंडीने रबर आखडलं असेल. मग वाटलं, जुनं झालं. मी नवं काळं आणलं, तरी तेच. पुढच्या ट्रकखाली लाकडाची जाड पाचर घातली, म्हणजे तो जास्त तिरका होतो आणि चटकन वळतो. मागचा उलट पाचर घालून सपाट केला, म्हणजे तो निमूट मागून येतो. थोडा फरक पडला. मग काळं काढून मधलं लाल रबर घातलं. जरा बरं वाटलं. आठवड्याने तेही कडक झालं. मी कंपनीला शिव्या घातल्या.

"अहो, बसा की जरा," ही म्हणायची. "दिवसभर नुसतं आतबाहेर. मला बघून चक्कर येते."

"बसायला वेळ कुठंय? रविवार आलाय."

"आणि जेवताय ते जातंय कुठे? दुप्पट खाताय आणि विजार खांद्याला अडकवायची वेळ आलीय."

विजारीचं खरं होतं. कमरेला सैल व्हायला लागली म्हणून मी ती मशीनवर घेऊन आत टीप मारली होती, आणि नंतर पुन्हा एकदा. लोकांचे कपडे दिवसभर आत घेतो आणि बाहेर सोडतो, त्यात आपली एक विजार. हाताने काम केलं, डोक्याला पत्ता नाही. जुनं कापड ताणतंच, असं मी हिला सांगितलं.

"कापड ताणतं, कबूल," ही म्हणाली. "गालसुद्धा ताणतात का?"

वजनकाट्यावर उभं राहा म्हणून ती मागे लागली होती. मी म्हटलं, एकदा रविवार होऊ दे, मग कुठे म्हणशील तिथे उभा राहतो. झोप उडाली होती, थंडीतही घाम फुटायचा, छातीत धडधडायचं. लेक लांब जाणार म्हटल्यावर बापाचं दुसरं काय होणार? सुईत दोरा जाईना तेव्हा मी चष्म्याचा नंबर वाढला असं ठरवून टाकलं. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे कारण तयार होतं.

शनिवारी दुपारी भिंगरी आली. प्रशिक्षणासाठी ती सहा महिने बाहेर होती. दारातच थबकली. "बाबा, केवढा बारीक झालास!"

"व्यायाम!" मी म्हणालो आणि तिच्या हातातली बॅग घेऊन आत पळालो. मग मायलेकींनी कपाट उपसलं, पलंगभर कपडे पडले, हे ने आणि ते राहू दे सुरू झालं. मी दुकानात गेलो. खोक्याच्या तळाशी एक पिवळी जोडी होती, भिंगरीसाठी कधीतरी आणून ठेवलेली. एवढं मऊ रबर माझ्याखाली चिखलासारखं दबेल हे मला ठाऊक होतं. पण माझा जीव टांगणीला लागला होता. नट काढताना हात इतका थरथरत होता की पाना दोनदा निसटला. घातलं रबर, गल्लीत नेलं, उभा राहिलो आणि एक झोका दिला.

बोर्ड पाण्यासारखं वळलं.

मी गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि आलो. पुन्हा गेलो. मला ओरडावंसं वाटलं. सापडलं! कंपनीचे तक्ते गेले खड्ड्यात. पंधरा वर्षांचा पोरगा असल्यासारखा मी घरी आलो, आणि कुणालाच काही सांगितलं नाही. तिला रस्त्यावरच दाखवायचं होतं.

रविवारी सकाळी तलावावर धुकं होतं. भिंगरी पुढे, मी मागे, असंच आम्ही नेहमी जायचो. त्या दिवशी मी पुढे होतो. ती हसत ओरडली, "अरे थांब, काय खाल्लंस काय?" कंबर नुसती हलवायचा अवकाश, बोर्ड धावत होतं. छातीत ढोल वाजत होते, कानात धग होती, पण थांबायची इच्छाच होत नव्हती. बाकापाशी मी तिच्या कितीतरी आधी पोचलो. बसलो नाही. येरझाऱ्या घालत राहिलो.

ती आली, पाणी प्यायली, बोर्डकडे बोट दाखवून म्हणाली, "काय केलंस ह्याला?"

"बघ तूच. चालवून बघ."

ती माझ्या बोर्डवर चढली. एक झोका दिला, दुसरा दिला, वळसा घेऊन परत आली. मी वाट बघत होतो की आता ती नवल करेल. पण ती पुन्हा एकदा गेली, या वेळी हळू, आणि उतरून तिने बोर्ड उलटं केलं. पिवळ्या रबरावर तिचं बोट थांबलं.

"बाबा, हे माझं रबर आहे."

"हो ना! तेच तर सांगतोय. सगळे तक्ते खोटे. मलासुद्धा हेच लागतं."

"तक्ते खोटे नाहीत. माझ्या वजनाला हे लागतं." तिने माझ्याकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत, मी गिऱ्हाईकाकडे बघतो तसं. "तुझं बोर्ड मला वळवतासुद्धा यायचं नाही, बाबा. आज ते माझंच असल्यासारखं चाललं. तू माझ्याएवढा झालायस."

"बरं, मग? चल, चढण बाकी आहे."

"हात दे बघू."

तिने माझं मनगट धरलं. मी सोडवून घेतलं. मला तिचा राग आला, खरंच सांगतो. इतकी वर्षं ज्या चढणीने माझं नाक कापलं ती समोर होती, बोर्ड कधी नव्हे ते हातात आलं होतं, आणि ही मनगट धरून बसली होती. "एवढी फेरी होऊ दे," मी म्हणालो. "मग डॉक्टर, काटा, तुझी आई, सगळ्यांपुढे उभा राहतो. मंगळवारी तू चाललीस. मला हे आजच करायचंय."

"बाबा, थांब."

मी बोर्डवर उडी घेतली आणि निघालो.

चढण आली आणि बोर्ड थांबलं नाही. डावं, उजवं, डावं, उजवं. दरवर्षी जिथे पाय टेकायचा तो विजेचा खांब मागे पडला. पंपघराचं हिरवं दार दिसायला लागलं. छाती फुटेल असं वाटत होतं, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, आणि तरी मी हसत होतो. आता थोडंच राहिलं होतं. मी तिला ओरडून सांगायला मागे वळलो.

भिंगरी चढणीवर आलीच नव्हती. खाली, चढणीच्या पायथ्याशी, ती रस्त्याच्या मधोमध उभी होती. बोर्ड बाजूला पडलेलं, दोन्ही पाय जमिनीवर. आजवर जिचा पाय कधी टेकला नाही तिने मुद्दाम दोन्ही टेकवले होते. ती ओरडली, आणि तिचा आवाज फाटला होता.

"झाली फेरी बाद! आता ये खाली!"

हिरवं दार समोर होतं. मी पाय टेकवला. पाय टेकताच उभं राहवेना, आणि तेव्हा पहिल्यांदा मला भीती वाटली. रस्त्याच्या कडेलाच बसलो. ती धावत वर आली, माझ्यापुढे गुडघ्यांवर बसली, आणि माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. ते थरथरत होते. बोर्डवर नव्हतो, थंडी वाजत नव्हती, हातात पाना नव्हता, आणि तरी थरथरत होते. आम्ही दोघं ते बघत राहिलो.

"तुला कळलं कसं नाही रे?" ती रडत म्हणाली. "लोकांची मापं घेतोस ना दिवसभर?"

त्याला माझ्याकडे कारण नव्हतं.

गळ्यातली ग्रंथी बेफाम झाली होती, डॉक्टर म्हणाले. अंगातलं सगळं दामटत नेते, खाल्लेलं जाळून टाकते आणि हृदयाला उसंत देत नाही. चढण पूर्ण केली असती तर काय झालं असतं, हे हिने विचारलं आणि डॉक्टरांनी गोळ्यांची चिठ्ठी लिहायला घेतली. गोळ्या सुरू झाल्या. भिंगरी म्हणाली, मी जात नाही. आम्ही दोघांनी मिळून तिला मंगळवारी गाडीत बसवलं.

निघताना तिने बटणांच्या डब्यातून माझं काळं रबर उचललं आणि खिशात टाकलं.

"हे माझ्याकडे राहील," ती म्हणाली. "तू परत जड हो. मग पाठवते."

त्यानंतरचे महिने मी बसायला शिकलो. एका जागी, मशीनपुढे, बाही संपेपर्यंत. बोर्ड भिंतीला टेकवून ठेवलं होतं, त्यावर ही कधीकधी ओलं फडकं वाळत घालायची आणि मी काही बोलायचो नाही. सुईत दोरा आधी तिसऱ्या खेपेला जायला लागला, मग दुसऱ्या.

काल सकाळी विजार घालताना बटण लागेना. मी ती काढली, मशीनवर घेतली आणि आतली टीप उसवली. शिंप्याने कापड आत घेतलं तरी कापायचं नसतं, दुमडून ठेवायचं असतं. तेवढं मी केलं होतं. दुसरी टीपही उसवली, इस्त्री फिरवली आणि विजार घातली. बटण लागलं, अगदी बरोबर.

उसवलेल्या दोऱ्यांचा फोटो काढून मी भिंगरीला पाठवला. तिकडे तेव्हा पहाट असणार. लगेच उत्तर आलं, म्हणजे ती जागीच होती.

"पाठवते," तिने लिहिलं होतं. "पण नट तू घट्ट करू नकोस. सुट्टीला येईन तेव्हा मीच करेन."