पारसिकच्या चढावर बिऱ्हाड

मानसिंगरावांच्या मॅटॅडोरला वाशीच्या फळ मार्केटात सगळे ‘बिऱ्हाड’ म्हणत आणि ते अगदी खरं होतं. एक्क्याण्णव सालची गाडी. वर्षभर तिच्यातून आंबे, संत्री, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी जायची आणि दिवाळीची सुट्टी लागली, की मानसिंगराव तिला घासून धुवायचे, मागे आंब्याच्या पेट्यांच्या फळ्यांची दोन बाकं ठोकायचे, स्टोव्ह ठेवायचे, त्यांच्या पत्नी वेणूबाई आपल्या जुन्या नऊवारीचे पडदे लावायच्या आणि सगळं घर निघायचं. हंपी, गोकर्ण, कन्याकुमारी, एकदा तर पार द्वारका. बारावी होईपर्यंत त्यांच्या लेकीने, उत्कर्षाने, हॉटेलची खोली आतून पाहिली नव्हती आणि त्याचं तिला काडीचंही दुःख नव्हतं.

पण डिझेलचं इंजिन शेवटी म्हातारं झालं. गाडी सोसायटीच्या मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली, टायर बसले, टपावर मांजर व्यायलं. मग एक दिवस मानसिंगरावांनी तुर्भ्याच्या कुंदन भंगारवाल्याशी सौदा केला, तोही जुन्या रीतीने, रुमालाखाली बोटं दाबून. भाव काय ठरला ते त्या दोघांनाच ठाऊक. फळ मार्केटात निम्मं आयुष्य काढलेला माणूस. रुमालाखाली दाबलेलं बोट त्यांनी कधी मागे घेतलं नव्हतं. एका पावसाळ्यात आख्खा माल वाटेत सडला, तरी ठरल्या भावाने उचलला आणि घरी येऊन मुकाट जेवले.

उत्कर्षाला हे कळलं तेव्हा ती ऑफिसात होती. रबाळ्याच्या ज्या कंपनीत ती इंजिनियर होती, तिथे जुन्या टेम्पोंना इलेक्ट्रिक मोटर बसवण्याचंच काम चाले. ती तशीच उठून मार्केटात आली.

“अप्पा, बिऱ्हाड विकायचं नाही. मी इलेक्ट्रिक करते.”

“मिक्सर हाय का ती?” मानसिंगराव म्हणाले.

बापलेकीची पंधरवडाभर जुंपली. शेवटी मानसिंगरावांनी कुंदनला पुन्हा बोलावलं आणि रुमालाखाली नवा सौदा झाला. पोरीने गाडी करावी. गाडी पारसिक हिलचा चढ एका दमात चढली, तर सौदा रद्द. वाटेत थांबली, तर असेल तशी कुंदनची, नव्या मोटर-बॅटरीसकट. पारसिकचा चढ का, तर कुठलंही वाहन घेण्याआधी मानसिंगराव त्याला तिथेच नेत. जे पारसिक चढत नाही त्यात माल भरायचा नाही, हा त्यांचा नियम होता. कुंदन खूश होऊन गेला. त्याचं दोन्हीकडून काहीच जात नव्हतं.

मग काय, उत्कर्षाच्या अंगात वारं शिरलं. बोनकोडे गावात शिवतेजचं गॅरेज होतं, तिथे गाडी ओढून नेली. शनिवार-रविवार ती तिथेच पडीक. इंजिन काढलं, तेव्हा खाली एवढी मोठी पोकळी झाली की शिवतेज आत उतरून उभा राहिला. मोटर बसली. ज्या बाकावर उत्कर्षा लहानपणी झोपायची, त्याच्याखाली बॅटऱ्या बसल्या. गिअरबॉक्स आणि क्लच तिने मुद्दाम जुनेच ठेवले, अप्पांच्या हातापायांना सवयीचं काहीतरी असावं म्हणून. ज्या दुपारी चाकं पहिल्यांदा जागच्या जागी फिरली, त्या दुपारी ती आणि शिवतेज ग्रीसच्या हातांनी एकमेकांना टाळ्या देत लहान पोरांसारखे नाचले.

“ताय, येक सांगू,” शिवतेज म्हणाला, “हिचा आवाज नाय. उभी असली का मेल्यावानी गप. काकांना आदी सांगून ठेव.”

“सांगते रे,” ती म्हणाली आणि आनंदाच्या भरात साफ विसरली.

आरटीओची तपासणी झाली, कागद हातात आले आणि शनिवारी सकाळी बिऱ्हाड बेलापूरच्या दिशेने निघालं. स्टिअरिंगवर मानसिंगराव, शेजारी उत्कर्षा, मागच्या बाकावर वेणूबाई आणि कुंदन. दहा मिनिटांच्या चढासाठी वेणूबाईंनी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती. गाडीत बसायचं आणि डबा नाही, हे त्यांना पटतच नव्हतं. शिवाय पायाशी त्यांनी आपला धोंडा ठेवला होता. घाटात गाडी थांबली की उडी मारून चाकामागे धोंडा लावायचा, हे काम सगळ्या प्रवासांत त्यांच्याकडे असे. कन्याकुमारीपर्यंत त्यांनी ते कुणाला करू दिलं नव्हतं.

“अप्पा, दुसऱ्या गिअरवरच ठेवा. बदलायची गरजच नाही,” उत्कर्षाने बजावलं.

“बरं बरं,” ते म्हणाले. गाडी चालवण्याबद्दल कुणी काही सांगितलं की ते असंच म्हणत.

सपाट रस्त्यावर गाडी आवाज न करता सुसाट पळाली. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने मान वाकडी करून बघितलं. वेणूबाई मागून म्हणाल्या, “अहो, मला माझंच बोलनं ऐकू येतंय ह्या गाडीत. पहिल्यांदाच.” उत्कर्षाला छातीत मावेना एवढा आनंद झाला होता. चढ सुरू झाला आणि बिऱ्हाड त्याच वेगाने वर निघालं. कुंदनचा चेहरा उतरत चालला. अर्धा चढ गेला. पुढे ते अवघड वळण आलं.

या वळणावर मॅटॅडोर नेहमी धापा टाकायची आणि मानसिंगराव पहिला गिअर टाकायचे. इतकी वर्षं पायाला झालेली सवय. त्यांचा डावा पाय आपोआप क्लचवर गेला, उजवा उचलला गेला, मोटरची बारीक गुणगुणही थांबली आणि गाडी एकदम मुकी झाली. आयुष्यभर इंजिनाच्या आवाजावर गाडी चालवलेला माणूस. त्यांच्या कानाने एकच अर्थ लावला.

“मेली,” ते म्हणाले. कचकन ब्रेक मारला, हँडब्रेक ओढला, चावी बंद केली.

गाडी चढावर थांबली.

“अप्पा, काय केलंत तुम्ही?” उत्कर्षा ओरडलीच. “चालू होती ती. ती गप्पच असते. मीच सांगायला विसरले.” तिला स्वतःचाच इतका राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

मागे दार धाडकन उघडलं. वेणूबाई धोंडा पोटाशी धरून खाली उतरल्या होत्या, वयाच्या सत्तरीत, पदर खोचून. “सोडू नका हो ब्रेक, लावते मी.”

“चावी फिरवा,” उत्कर्षा म्हणाली. “आता क्लच सोडा, ब्रेक सोडा आणि उजवा पाय दाबा.”

“मागं घसरंल. दगूड लागू दे.”

“नाही घसरणार. अप्पा, माझ्यावर विश्वास ठेवा, दाबा.”

मानसिंगरावांनी एकदा तिच्याकडे बघितलं आणि पाय दाबला. गाडी बोटभरही मागे सरली नाही. भरल्या पोटाची, चार बॅटऱ्यांची, आख्खी मॅटॅडोर अशा चढावर जागेवरून उचलली गेली आणि सरळ वर निघाली. मानसिंगरावांच्या तोंडून “आयला” एवढंच बाहेर पडलं. वळण गेलं, पुढचा चढ गेला. ते पुढे वाकून, हसत, स्टिअरिंगवर हात आपटत होते. वर पोचले तेव्हा खाली खाडी आणि पाम बीचचा रस्ता उन्हात चमकत होता.

“बगितलंस?” ते मागे वळून म्हणाले. “अगं बगितलंस का?”

मागे फक्त कुंदन होता, धपाट्यांचा डबा सांभाळत. वेणूबाई खाली वळणावरच राहिल्या होत्या. एरवी गाडी सुटताना एवढा गोंगाट व्हायचा की माणूस धावत येऊन चढे. आज त्यांना कळलंच नव्हतं.

तिघंही हसले. मग कुंदनने हसू आवरलं आणि खाकरला.

“शेठ, गाडी एक नंबर झाली. दीदीने कमाल केली,” तो म्हणाला. “पण थांबली ना. मी डोळ्याने पाहिलं.”

“त्यांनी थांबवली,” उत्कर्षा म्हणाली. “थांबली नाही.”

“दीदी, सौद्यात असं काय नव्हतं, कोणी थांबवली न् काय. वाटेत थांबली तर माझी.” त्याने हात पुढे केला, उर्मटपणे नाही, संकोचूनच. “बोला शेठ. मी काय चुकीचं बोलतोय का?”

“न्हाय,” मानसिंगराव म्हणाले. “तू बरोबर हायस.”

उत्कर्षाला आपला बाप माहीत होता. तो सडका माल उचलणारा होता. भांडून उपयोग नव्हता, रडून तर मुळीच नव्हता. मानसिंगरावांनी चावी काढली आणि तळहातावर धरली. मग मूठ मिटली.

“कुंदन, गाडी न्हाय देत.”

“शेठ?”

“तुझी हाय, पर न्हाय देत. शब्द मोडला मी.”

कुंदन त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिला. “मार्केटात सांगू का हे? माझं कोणी खरं मानणार नाही.”

“तू कशाला सांगतूस,” मानसिंगराव म्हणाले आणि चावी पुन्हा लावली. “मीच सांगतो. बस.”

त्यांनी गाडी वळवली. वळणावर वेणूबाई कठड्यावर बसून होत्या. त्यांना चढवून घेतलं, त्यांच्या शिव्या खाल्ल्या, धपाटे खाल्ले आणि गाडी थेट वाशीला, फळ मार्केटाच्या दारात आणली. शनिवारची गर्दी होती. बिऱ्हाड आवाज न करता आत शिरलेलं बघून हमाल पाट्या डोक्यावर तशाच घेऊन थांबले, गाळ्यांतून व्यापारी बाहेर आले. मानसिंगराव गाडीच्या पायरीवर उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले होते. उत्कर्षाने त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

“ऐका,” ते म्हणाले. “कुंदनशी रुमालाखाली सौदा केला हुता. सौद्यानं ही गाडी त्याची हाय. मी देत न्हाय. मानसिंगनं शब्द मोडला, समद्यांनी ध्यानात ठेवा.”

मानसिंगरावांनी घाम पुसला आणि मागचं दार सताड उघडलं.

“आता या,” ते म्हणाले, “आत बसून बगा, कशापायी मोडला ते.”