मागची चाकं

"बाबा, ते पोतं खाली ठेवा. माझ्या गाडीला नको ते," मार्युत म्हणाली.

वाळूचं पोतं पोटाशी धरून ओइवा लेकीच्या गाडीच्या डिकीपाशी उभा होता. उत्तरेकडच्या बर्फाळ कैनू प्रांतातल्या त्या गावात हिवाळा लागला की डिकीत वाळू टाकायची जुनी रीत. जुन्या गाड्यांत मागची चाकं गाडी ढकलतात, त्यांच्यावर वजन हवंच. पण मार्युतची गाडी ओढायची ती पुढच्या चाकांनी. मागे वजन टाकलं तर पुढचीच हलकी व्हायची. एवढं ओइवालाही कळत होतं, त्याच्या हातांना कळत नव्हतं. तीस वर्षं शाळेच्या पोरांची टॅक्सी हाकली, एका पोराला कधी खरचटलं नाही. त्याची घमेंड होतीच त्याला, आणि का नसावी?

"नको तर नको बाई. टायर तरी मी बसवले ते चालले ना? पुढे कोरे, बर्फात रुतणाऱ्या खिळ्यांचे. ओढतो त्या घोड्याला नाल."

"आणि मागे?"

"मागे जुने. त्यांना काय काम? मुकाट मागून यायचं."

मार्युत हसली. घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांना औषधपाणी करणारी ती नर्स. आज तळ्यापलीकडच्या आउनेबाईंना इन्सुलिन द्यायचं होतं. "कॉफीला येते परत. दालचिनीचे पाव एकटेच फस्त करू नका," म्हणून ती निघाली.

आठवडाभर हाडं गोठवणारी थंडी होती, तिला कुणी भीत नव्हतं. आज सकाळी मात्र हवा मऊ पडली होती आणि गोठलेल्या रस्त्यावर बुरबुर पाऊस लागला होता. रस्ता काचेसारखा करणारा असला दिवस गावाला आवडत नाही. गाडी वळणाआड गेली तशी ओइवाच्या मनात पाल चुकचुकली, पण त्याने तिला हुसकावून लावली.

थोड्या वेळाने तो पेट्रोलपंपावर गेला. तिथे टायरवाला इल्मो कॉफी पीत बसला होता. दोघे एका बाकावर शिकलेले.

"पोरीचे टायर बदललेस?" इल्मोने विचारलं.

"कधीच. कोरे पुढे."

इल्मोने कप खाली ठेवला. "मागे टाक म्हणून घसा कोरडा केला होता ना मी?"

"तुझं काय, चारही नवे घे म्हणशील."

"अरे शहाण्या, पुढची चाकं रस्ता धरणार आणि मागची सोडणार. उतारावरच्या वळणात तिने गॅसवरून पाय उचलला की सगळं वजन पुढे येतं, बूड हलकं होतं, गाडी गर्रकन फिरते. तिथे पाय उचलायचा नसतो, हलकेच दाबून ठेवायचा. तिला ठाऊक आहे ना?"

गोठलेल्या तळ्यावर, मागून ढकलणाऱ्या स्वतःच्या गाडीत बसवून, ओइवानेच तिला शिकवलं होतं. मागची चाकं जोरात फिरून घसरली की पाय उचल. विचार करत बसू नकोस, उचल. झोपेतही पाय उचलला जाईल इतकं घोटून घेतलं होतं.

त्याने फोन लावला. वाजत राहिला. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, हेही त्याचंच शिकवणं. तो उठून गाडीकडे धावला.

त्याची जुनी गाडी डिकीतल्या वाळूच्या भाराने शहाण्यासारखी चालली होती. त्या शहाणपणाचा त्याला आज राग आला. लाकडाच्या वखारीपुढे रस्ता तळ्याकडे उतरतो. तिथल्या वळणावर त्याने खिळ्यांचे ओरखडे पाहिले, आणि त्यांच्या शेजारी मागच्या चाकांनी काढलेला रुंद, गुळगुळीत फराटा. पुढे बर्फाचा बांध फुटला होता.

मार्युतची गाडी गावाकडे तोंड करून उभी होती. मागची चाकं तळ्याचा पातळ बर्फ फोडून पाण्यात गेली होती. मार्युत काठावर होती, औषधांची पिशवी छातीशी धरून, गुडघ्यापर्यंत भिजलेली; फोन गाडीतच राहिला होता. ओइवाचा जीव भांड्यात पडला, पण पुरता नाही. कारण ती त्याच्याकडे बघतच नव्हती. बर्फ कडकडला आणि गाडी आणखी वीतभर खाली बसली.

"मी पाय उचलला बाबा," ती म्हणाली. "लगेच उचलला, तुम्ही शिकवलंत तसाच. तरी कशी फिरली?"

"टायर मी उलटे लावले," ओइवा म्हणाला. "इल्मोने सांगूनसुद्धा. आणि शिकवलं ते माझ्या गाडीचं. तुझ्या गाडीचं मला येतच नव्हतं."

मार्युतने त्याच्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. "आउनेबाई वाट बघत असतील," ती म्हणाली. "किल्ली द्या. मी चालवते."

किल्ली देऊन तो आपल्या गाडीत शेजारच्या जागेवर बसला. तिला शिकवल्यानंतर त्या जागी तो कधी बसलाच नव्हता.

तळ्याच्या टोकाशी पुढचं वळण आलं. गाडीचं मागचं अंग जरासं सरकलं. मार्युतचा पाय गॅसवर जागीच अडला.

"उचलू?" तिने विचारलं.

इतक्या वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं.

"या गाडीत उचल," ओइवा हळूच म्हणाला.

तिने उचलला. गाडी सरळ झाली. पुढे आउनेबाईंचं घर दिसू लागलं.